चाकाची घरघर



या सदरात एरवी बियाणे, खते, कीड-रोग आणि पाण्याच्या पाळ्या हेच विषय येतात. परंतु गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले आणि ते बाजूला सारून कांद्याच्या रोपांवर लिहिणे मला बरे वाटले नाही. पत्राचा आशय असा : घरी जुनी मोटार आहे. तिच्या पुढच्या चाकांतून जात्यासारखी घरघर येते. एका मेस्त्रीने बेअरिंग गेले म्हणून सांगितले, दुसरा म्हणतो टायरचा आवाज आहे. दोघांच्या खर्चात मोठा फरक. यजमानांचे म्हणणे, गाडी चालते आहे ना, मग सुगी उरकल्यावर बघू. आणि याच मोटारीतून आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना डायलिसिससाठी तालुक्याला न्यावे लागते. शेतीखात्याच्या माणसाला हे विचारावे की नाही, असा संकोचही ताईंनी व्यक्त केला आहे.

जरूर विचारावे. शेतकी महाविद्यालयात आम्हाला यंत्रे व अवजारे हा विषय असतोच, आणि नोकरीची निम्मी वर्षे जीपमधून खेडोपाडी फिरण्यात गेली म्हणजे चाकांची भाषाही थोडीफार कळू लागते. शिवाय पिकावरचा रोग ओळखण्याची जी रीत, तीच इथेही. पान पिवळे दिसले की लगेच युरिया टाकायचा नसतो. खालची जुनी पाने पिवळी की शेंड्याची नवी, शिरा हिरव्या राहिल्या आहेत का, हे आधी पाहतात. तसेच आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो आणि कशाने बदलतो, हे आधी पाहावे. पाना हातात घ्यायचा तो मागाहून.

सर्वांत आधी ब्रेकचे बघा, कारण यात थांबायला सवड नाही. ब्रेकवर पाय ठेवताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर होते का? पुढच्या चाकांना बहुतेक मोटारींत डिस्क ब्रेक असतात. लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात आणि चाक थांबते. नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावे. पुष्कळ पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते, ती या सुमारास डिस्कला टेकून बारीक किंचाळते. ही सूचना समजावी. तिकडे दुर्लक्ष केले की थर संपतो, मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासू लागते आणि किंचाळण्याची खरखर होते. मग पॅडचे काम डिस्कवर जाते आणि खर्च वाढतो. पण खर्चापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ऐन वेळी गाडी थांबायला अंतर जास्त लागते. अशी खरखर असेल तर गाडी गॅरेजला न नेता मेस्त्रीला घरी बोलवावे. घाट उतरण्याचे तर नावही काढू नये.

चाकाच्या फटीतून बाहेरचे पॅड दिसते आणि ते जाड दिसले की माणूस निर्धास्त होतो. पण कित्येकदा आतले पॅड आधी झिजते. म्हणून चाक काढून दोन्ही पाहावीत. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये की हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

ब्रेकशी संबंध नसेल, तर आवाज चाकाचाच ना, याची खात्री करावी. सपाट मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी ४० च्या वेगात गाडी न्यूट्रल करून घरंगळू द्यावी. इंजिन बंद करू नये. बंद केल्यास ब्रेक जड होतो आणि किल्ली पुरती फिरली तर स्टिअरिंगही अडकते. इंजिन मंदावले तरी घरघर राहिली आणि गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेली, म्हणजे ती चाकाकडची. पुढे काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेने सावकाश जावे. भिंतीवरून आवाज उलटतो आणि बाजू कळते. आत बसून पुढचा आवाज मागचा वाटतो, हे नेहमीचेच.

आता ताईंचा खरा प्रश्न : बेअरिंग की टायर? त्याच मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच उजवीकडे आणि मग डावीकडे घ्यावे. वळणावर उसाची गाडी जशी बाहेरच्या बाजूला कलते, तसा मोटारीचाही भार उजवीकडे वळताना डाव्या चाकांवर पडतो. तेव्हा घरघर वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर बहुधा डावे बेअरिंग. उलट असेल तर उजवे. टायरचे तसे नसते. डांबरी सोडून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्याबरोबर आवाजाचा सूर बदलतो. गाडी उभी असताना टायरवर तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवावा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखे दाते लागले, तर दुसऱ्या मेस्त्रीचे म्हणणे खरे असण्याचा संभव मोठा. तरीही शंका राहिली, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पाहावे. घरघर मागे गेली तर टायर, पुढेच राहिली तर बेअरिंग. या परीक्षेला फक्त नट खोलण्याची मेहनत लागते, म्हणून ती मला फार आवडते.

जॅक लावायचा तो टणक सपाट जागी. काळ्या रानात जॅक खचतो. हँडब्रेक ओढून मागच्या दोन्ही चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अंग घालू नये. चाक वर उचलले की एक हात माथ्यावर, एक तळाशी धरून हलवून पाहावे. कटकट करून खेळ दाखवला, तर बेअरिंग पुष्कळ गेलेले असू शकते. अशा वेळी गाडी जाग्यावरच ठेवावी, कारण ते चालत्या गाडीत जाम होते किंवा चाकच निखळते. खेळ नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक हात स्प्रिंगवर टेकवावा आणि दुसऱ्याने चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर बोटांना लागते. ट्रॉलीच्या हबला आपण ग्रीस भरून वर्ष काढतो, तसे इथे चालत नाही. आजच्या बहुतेक मोटारींचे बेअरिंग बंद असते, ते बदलावेच लागते. धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट हबवर धरण्याची हौसही आवरावी, ग्रीस धुऊन जाते.

दोन आवाजांची मात्र फारशी भीती नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबेरा चढतो आणि सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकला खसखस होते, मग जाते. दुसरा म्हणजे खडा. मुरमाच्या रस्त्यावर एखादा बारीक खडा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात अडकला की एकाएकी कर्णकर्कश आवाज सुरू होतो. गाडी थोडी मागे घेतली की पुष्कळदा पडतो. न पडल्यास चाक काढून काढावा.

ताई, या सगळ्याला एक सकाळ लागेल. काय काय आढळले ते कागदावर लिहून मेस्त्रीच्या हाती द्या : ब्रेक लावता काय होते, वळणावर काय होते, टायर बदलून काय झाले. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. पॅड बदलायची झाली तर दोन्ही पुढच्या चाकांची एकदम बदलावीत, एकाच चाकाची नव्हे. नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. आणि तोपर्यंत डायलिसिसच्या दिवशी सासऱ्यांना दुसऱ्या गाडीने न्या. शेजाऱ्यांना दोन फेऱ्यांचे डिझेल भरून दिले तर कोणी नाही म्हणणार नाही. यजमानांना हा अंक वाचायला द्यावा.