हलकी सायकल आणि ‘आजन्म’ हमी

काचीगुड्याच्या एका वाचक गृहस्थांनी आम्हांस विचारले आहे की, चिरंजीव अभियांत्रिकीला आहेत, सायकल हवी म्हणतात. त्यांचा हट्ट कार्बनच्या फ्रेमचा, वडिलांचा आग्रह ॲल्युमिनियमचा. तर टिकाऊ कोणती, आणि कंपनी देते त्या हमीचा भरवसा किती? बाह्य वर्तुळाकार मार्गालगतचा २३ किलोमीटरचा, सौर छताचा सायकलमार्ग १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाल्यापासून हैदराबादेतील पुष्कळ घरांत हा वाद चालत असावा. शिवाय कार्बनच्या सायकलीची किंमत लाखाच्या पुढे सहज जाते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कार्बनचे नाव ऐकून वडीलधाऱ्यांनी दचकू नये. या पदार्थाचे आपल्या शहराशी जुने नाते आहे. २२ मे १९८९ रोजी ‘अग्नी’ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. वातावरणात पुन्हा शिरतानाचा दाह सोसणारे त्याचे कवच कार्बनच्या संमिश्राचे होते, आणि ते काम हैदराबादेतील संरक्षण शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झाले. पुढे येथील निम्स रुग्णालयात तीन-तीन किलोचे कॅलिपर पायांत घालून फरफटत चालणारी मुले डॉ. अब्दुल कलाम यांनी पाहिली आणि त्याच हलक्या पदार्थाच्या आधारे तीनशे ग्रॅमचे कॅलिपर करविले, ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे.

तेव्हा कार्बन दुबळा नव्हे. त्याचा स्वभाव मात्र धातूहून निराळा. केसाहून कितीतरी बारीक तंतूंचे थरावर थर इपॉक्सी राळेत घट्ट बसवून ही फ्रेम घडते. तंतूंच्या दिशेने येणारा ताण ती वर्षानुवर्षे सोसते. आडवा घाव मात्र तिला सोसत नाही. सायकल आडवी होऊन दगडाच्या कोपऱ्यावर आपटली, किंवा आगगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये तिच्यावर एखादी ट्रंक कोसळली, की आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरचा रंग जेमतेम खरचटलेला दिसतो. नाण्याने हलकेच ठोकून पाहावे. निरोगी जागी टणक आणि सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. अर्थात ही प्राथमिक परीक्षा. शंका राहिल्यास जाणत्याकडून तपासल्याविना सायकल रस्त्यावर आणू नये. सीटच्या दांडीचा बोल्ट नेहमीच्या सवयीने दोन फेरे जास्त आवळला तरी नळी चिरडते. भागावर पिळाचा आकडा छापलेला असतो, बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा माप दाखविणारा पानाच लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात तो आहे का, हे सायकल घेण्यापूर्वी विचारावे.

ॲल्युमिनियमचे दुखणे वेगळे. तार वाकवून-सरळ करून तोडण्याचा खेळ आपण सर्वांनीच केला आहे. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते शिणत नाही. ॲल्युमिनियमला तशी निश्चित मर्यादा नाही, ते अल्प ताणानेही हळूहळू शिणत जाते. म्हणूनच कारखानदार त्याच्या नळ्या जाड परिघाच्या करतात, म्हणजे ताण फार कमी राहतो आणि फ्रेम वर्षानुवर्षे टिकते. पोचा पडला तर तो दिसतो. चीर गेलीच तर बहुधा जोडाच्या वेल्डिंगपाशी जाते, आणि महिन्यातून एकदा सायकल पुसणाऱ्याच्या ती सहसा नजरेस येते. मात्र ती गल्लीतल्या वेल्डरकडून सांधून घेऊ नये. जोडाच्या उष्णतेने धातूचे बळ जाते, आणि ते परत आणणारी भट्टी त्याच्यापाशी नसते. जुन्या पोलादी सायकलीचे हे एक सुख होते, ती कोठेही सांधता येई.

आमचे मत विचाराल तर वसतिगृहाच्या गर्दीत उभी राहणारी आणि पावसाळ्यातील खड्ड्यांतून जाणारी सायकल ॲल्युमिनियमचीच असावी. शर्यतीत उतरणाऱ्याने, पडल्यावर प्रत्येक वेळी तपासणी करण्याची शिस्त असेल तर, खुशाल कार्बन घ्यावी. पुष्कळ ॲल्युमिनियमच्या सायकलींचा पुढचा चिमटाही कार्बनचा असतो, हे मात्र ध्यानात असू द्यावे. चिमटा वेगात तुटला तर स्वार तोंडावर पडतो.

आता हमी. जायंटसारखी कंपनी मूळ ग्राहकास फ्रेमवर आजन्म हमी देते. इतरही अनेक देतात. या शब्दाने लोक फसतात. ती हमी घडणीतील दोषाची असते. पडझड, झीज, गैरवापर, अनधिकृत दुरुस्ती हे सारे तीतून वगळलेले असते. कार्बनच्या फ्रेमला भय असते ते नेमके पडण्याचेच. काही कंपन्या अपघातानंतर सवलतीत दुसरी फ्रेम देतात, परंतु तो त्यांच्या मर्जीचा भाग.

आपल्या घरांतून आणखी एक घोटाळा संभवतो. सायकल पुण्याच्या मामांनी घ्यायची, पावती मामांच्या नावाची, आणि वापरणार हैदराबादचा भाचा. मूळ ग्राहकापुरतीच हमी असेल तर भाच्याचा हक्क तेथेच संपतो. जुनी सायकल आप्तांकडून घेतली तरी तेच. पावती वापरणाऱ्याच्या नावाने करावी आणि तीवर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्यावा. तो बहुधा पायडलांच्या आसाखाली कोरलेला असतो. खरा दोष असून विक्रेता टाळाटाळ करील तर पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही.