कौल देवाचा घेता, मग माणसांचा का नाही?

आपल्या देवस्थानांत सभामंडपाची मोडतोड करावयाची झाली, तरी आधी देवाला कौल लावतात. पाकळी उजवी पडल्यावाचून महाजन गवंड्यास हात लावू देत नाहीत. परंतु अवघा गाव बदलावयाचा असेल, तेव्हा मात्र कोणास काही विचारण्याचे कारण नाही, अशी राज्यकर्त्यांची समजूत झालेली दिसते.

पेडणे तालुक्याचेच उदाहरण घ्या. 2001 साली येथील लोकसंख्या 71,999 होती. 2011 साली ती 75,747 झाली. दहा वर्षांत चार हजारांचीही भर नाही, असा हा संथ तालुका. त्याच्या माथ्यावर, मोपाच्या पठारावर, 11 डिसेंबर 2022 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. त्याच सुमारास धारगळला आयुर्वेद संस्था उभी राहिली. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे हे सारे आले, तेव्हा तालुक्याची शेवटची शिरगणती अकरा वर्षांची जुनी होती. घरात माणसे किती हे न पाहता पंगत मांडावी, तसा हा प्रकार!

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते : ‘आम्ही हरकती मागवितो.’ आम्ही स्पष्ट म्हणतो, हरकती मागविणे म्हणजे विचारणे नव्हे. 2024 साली नगरनियोजन कायद्यात आलेल्या कलम 39अ ने जमिनीचे क्षेत्र बदलण्यासाठी तीस दिवसांची मुदत ठेवली. तीस दिवसांत राजपत्र शोधावयाचे, सर्वे क्रमांक ताडून पाहावयाचा आणि अर्ज लिहावयाचा, हे शेतात राबणाऱ्या बाईने केव्हा करावे? आधी ठरवून मग हरकत विचारणे हा उपचार आहे; आधी विचारून मग ठरविणे हा न्याय होय.

विचारावयाचे ते दारोदार जाऊन विचारा. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते? चांदेलच्या प्रकल्पाचे नळाचे पाणी घरी किती वेळ येते? मुलगा कामाला कोठे जातो? आजारी माणसाला रात्री कोठे न्यावे लागते? घर वर्षातून किती दिवस उघडे असते? कोणती जागा कोणत्याही मोलाने देऊ नये असे तुम्हांस वाटते?

‘अडाणी लोकांना नियोजनातले काय कळते?’ असे म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. 2006 साली लोकांना न विचारता केलेला प्रादेशिक आराखडा जनक्षोभामुळे 2007 साली रद्द करावा लागला. पुढे चार्ल्स कुरैय्यांसारख्या जगन्मान्य वास्तुशिल्पज्ञानेही 2021 च्या आराखड्यासाठी गावोगावच्या पंचायतींचे म्हणणे मागविण्यात कमीपणा मानला नाही. 2023 साली पेडण्याच्या क्षेत्र-आराखड्याचा मसुदा निघाला. लोक उठले आणि तोही मागे घ्यावा लागला. न विचारण्याने वेळ वाचत नाही, हा याचा धडा.

परंतु दोष एकट्या सरकारचा नाही. जत्रेला पालखीच्या दांड्यासाठी हमरीतुमरीवर येणारे आपण ग्रामसभेला किती जण जातो? गणपतीला आठ दिवस उघडणाऱ्या बंद घराचा मालक मुंबईहून गावच्या विकासावर मत देतो. परंतु त्याच वाड्यावर भाड्याच्या खोलीत बारा महिने राहून आपल्याच भिंती उभारणारा कामगार कोणाच्या मोजणीत नसतो. पाणी त्यालाही लागते, त्याच्या मुलालाही शाळा लागते. त्याला वगळून घेतलेला गावाचा कौल हा कौल नव्हे.

आम्ही विकासाचे वैरी नाही. विमाने उडोत, रस्ते होवोत. परंतु देवाच्या देवळात जी रीत आपण मोडत नाही, ती माणसांच्या गावात मोडू नये, एवढेच आमचे मागणे आहे. आणि कौल एकदा मागितला, की पाकळी डावी पडली तरी मानावी लागते, हेही मागणाऱ्याने विसरू नये.