गेमचे दुकान आणि मालकीचा हक्क

फक्त गेम विकणारे दुकान कॉम्प्युटरच्या दुकानातून जन्माला आले. अमेरिकेत १९७५ पासून घरगुती कॉम्प्युटरची दुकाने उघडू लागली. तिथे गेम मिळे तो भिंतीवर टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. आत एक फ्लॉपी आणि झेरॉक्स केलेली दोन-चार पाने, एवढाच ऐवज. टेक्सासमधल्या ‘कॉम्प्युटरलँड’च्या दुकानात काम करणाऱ्या रिचर्ड गॅरियट या तरुणाने १९७९ च्या सुमारास ‘अकालाबेथ’ हा स्वतः लिहिलेला गेम असाच पिशव्यांत भरून विकायला ठेवला. कॅलिफोर्नियात केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ त्याच रीतीने बाजारात आणला. गेम लिहिणारा, विकणारा आणि विकत घेणारा यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते.

पिशवीची जागा लवकरच खोक्याने घेतली. ‘इन्फोकॉम’ कंपनीच्या ‘डेडलाइन’ (१९८२) या गुन्हेतपासाच्या गेममध्ये जी माहिती फ्लॉपीत मावली नाही, ती कागदोपत्री दिली होती. खोक्यात पोलिसांचे जबाब, घटनास्थळाचा फोटो आणि पुरावा म्हणून गोळ्यांची पुडीसुद्धा असे. अशा वस्तूंमुळे गेमची गोडी वाढे आणि नक्कल करणाऱ्यांनाही आळा बसे, कारण फ्लॉपी उतरवून घेता येते, गोळ्यांची पुडी नाही. पुढे हीच युक्ती कुलूप म्हणून वापरली जाऊ लागली. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) सुरू करायचा तर सोबतची पुठ्ठ्याची चकती फिरवून चाच्याचा चेहरा जुळवावा लागे आणि तिथे दिसणारा आकडा टाकावा लागे. कथा, नकाशा, माहितीपुस्तक, चकती हे सारे मिळून गेम होई आणि तो विकण्यासाठी मांडणीवर प्रशस्त जागा लागे. ती जागा देणारे दुकान म्हणजे गेमचे खास दुकान.

या व्यवसायातल्या दोन प्रमुख साखळ्या वेगवेगळ्या वाटांनी इथवर आल्या. जेम्स किम यांनी १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या किंग ऑफ प्रशिया इथे सुरू केलेले ‘इलेक्ट्रॉनिक्स बुटीक’ आरंभी कॅल्क्युलेटर आणि डिजिटल घड्याळे विकत असे. ‘बॅबेजेस’ची सुरुवात १९८३ मध्ये डॅलसला झाली. जेम्स मॅकरी आणि गॅरी क्युसिन यांनी तिला गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांचे नाव दिले. ही दुकाने मॉलमध्ये असत, त्यामुळे कॉम्प्युटरचे वेड नसलेले आईवडीलही सणासुदीच्या खरेदीत तिथे डोकावत. १९९४ मध्ये ‘बॅबेजेस’ आणि ‘सॉफ्टवेअर एटसेटरा’ या साखळ्या एकत्र आल्या, पण दोनच वर्षांत त्या संयुक्त कंपनीचे दिवाळे निघाले. ‘बार्न्स अँड नोबल’ या पुस्तकविक्रेत्या कंपनीचे प्रमुख लिओनार्ड रिजिओ यांनी भागीदारांसह ती विकत घेतली, आणि तिच्यातूनच १९९९ मध्ये ‘गेमस्टॉप’ हे नाव पुढे आले. २००५ मध्ये गेमस्टॉपने इलेक्ट्रॉनिक्स बुटीकही सुमारे १४४ कोटी डॉलरला घेतले. दोन्ही प्रवाह एका कंपनीत मिळाले.

अशा दुकानाचा गल्ला कशावर चाले, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा कळत नाही. २०१० च्या सुमारास गेमस्टॉपच्या वार्षिक अहवालांत कन्सोलच्या विक्रीवर ढोबळ नफा सुमारे ७ टक्के, नव्या गेमवर सुमारे २० टक्के आणि जुन्या, म्हणजे एकदा वापरून झालेल्या गेमवर ४६ टक्क्यांच्या आसपास दिसतो. कन्सोल हे गिऱ्हाईक दुकानात आणण्याचे निमित्त. नव्या गेमने भाडे आणि पगार निघत. खरा नफा जुन्या मालात होता. गिऱ्हाईक खेळून झालेली डिस्क परत आणी, तिच्या बदल्यात मिळालेली रक्कम नव्या गेमच्या किमतीतून वळती होई, आणि तीच डिस्क नव्यापेक्षा थोड्याच कमी दराने पुन्हा मांडणीवर जाई. या दुसऱ्या विक्रीतला एक पैसाही गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जात नसे.

याला कायद्याचा भक्कम आधार होता. ‘बॉब्स-मेरिल’ या प्रकाशन संस्थेने एका कादंबरीवर छापले होते की ती एक डॉलरहून कमी किमतीला विकू नये. ‘मेसीज’ या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दुकानाच्या बाजूने निकाल दिला. प्रकाशकाने प्रत एकदा विकली की ती पुढे कोणाला आणि कितीला विकायची, यावर त्याचा ताबा उरत नाही, हे तत्त्व त्यातून रुजले. जुन्या पुस्तकांची दुकाने त्याच तत्त्वावर उभी आहेत आणि जुन्या गेमची दुकानेही त्यावरच उभी राहिली.

याच ठिकाणी कॉम्प्युटरचा गेम आणि कन्सोलचा गेम यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कॉम्प्युटरच्या डिस्कची घरबसल्या नक्कल करता येत असल्याने अमेरिकेने १९९० च्या कायद्याने सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंदी घातली. कन्सोलच्या गेमना त्यातून सूट मिळाली. पुढे प्रत्येक खोक्यात वेगळा क्रमांक छापून येऊ लागला. ‘स्टारक्राफ्ट’ आणि ‘हाफ-लाइफ’ या १९९८ च्या दोन्ही गेमना असा क्रमांक लागे. पहिल्या मालकाने तो वापरलेला असला की दुसऱ्याला इंटरनेटवर खेळताना अडचण ठरलेली. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ २’ला तिची सक्ती केली. दुकानातून खोका आणला तरी तो क्रमांक स्टीमच्या खात्याला जोडावा लागे, आणि एकदा जोडलेला क्रमांक सुटा होत नसे. खोका विकता येई. आतला गेम विकता येत नसे. दुसरी विक्री संपली तशी दुकानदाराच्या दृष्टीने कॉम्प्युटर गेमची किंमतही घसरली. २००० नंतर मोठे खोके जाऊन डीव्हीडीएवढे छोटे आले, कॉम्प्युटरचा विभाग मागच्या भिंतीकडे सरकला आणि अनेक दुकानांत एका मांडणीपुरता उरला. घरोघरी वेगवान इंटरनेट आले हे या घसरणीचे एक कारण खरेच, पण दुकानाचा आर्थिक कणा मोडला तो त्या न सुटणाऱ्या क्रमांकाने.

कन्सोलच्या बाजूलाही तसे प्रयत्न झाले. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने २०१० मध्ये ‘ऑनलाइन पास’ आणला. जुनी डिस्क घेणाऱ्याने इंटरनेटवर खेळायचे तर वेगळे पैसे भरायचे, अशी ती योजना होती. २०१३ मध्ये कंपनीने ती मागे घेतली. त्याच वर्षी ‘मायक्रोसॉफ्ट’ने ‘एक्सबॉक्स वन’ जाहीर करताना जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधने घातली. खेळणाऱ्यांचा संताप इतका होता की काही आठवड्यांतच, १९ जूनला, ती रद्द करावी लागली. मालकीचा हक्क टिकवण्यासाठी गिऱ्हाइकांनी एकजुटीने मिळवलेला हा ठळक विजय आहे. पण जे बंधन घालून जमले नाही, ते सोयीने साधले. डाउनलोडची सवय लागली आणि २०२० मध्ये ‘प्लेस्टेशन ५’ची एक आवृत्ती डिस्कच्या खाचेशिवायच बाजारात आली.

दुकानांवरचे परिणाम याआधीच दिसू लागले होते. मार्च २०१२ मध्ये ब्रिटनची ‘गेम’ ही मोठी साखळी अडचणीत आली. पुरवठादारांनी नवा माल देणे थांबवले, कंपनी प्रशासकांच्या हाती गेली आणि २७७ दुकाने एका झटक्यात बंद झाली. गेमस्टॉपच्या समभागाने जानेवारी २०२१ मध्ये आभाळ गाठले, पण ती शेअर बाजारातली रस्सीखेच होती. दुकानांतली गर्दी त्याने वाढली नाही.

महाराष्ट्रात हा व्यवसाय वेगळ्या वळणाने गेला. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी गल्लीतल्या दुकानांत भाड्याने मिळत, अदलाबदलीनेही मिळत. मुंबईत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड आणि परदेशी वस्तूंसाठी हाजी अलीजवळचे हिरा पन्ना ही ठिकाणे गेमसाठीही ओळखली गेली. कॉम्प्युटरच्या गेमची अस्सल प्रत महाग आणि नक्कल केलेली सीडी नाममात्र पैशांत, त्यामुळे अस्सल मालाचा बाजार इथे उशिरा आणि अपुरा उभा राहिला. कन्सोलच्या डिस्कची गोष्ट निराळी. जुनी डिस्क द्यायची, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरी न्यायची, ही पद्धत इथल्या दुकानदारांनी आपलीशी केली. मर्यादित पैशांत अनेक गेम खेळायची वाट कित्येक मुलांना त्या दुकानांनी खुली करून दिली.

आज दुकानातून गेम घेणाऱ्याने काही गोष्टी पारखून घ्याव्यात. खोक्यात डिस्क आहे की फक्त कोड, हे आधी विचारावे, कारण अलीकडे काही खोक्यांत कागदाच्या चिठोऱ्यावरचा कोडच निघतो. जुनी डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे पाहावेत. प्लेस्टेशन २ सारख्या जुन्या कन्सोलची डिस्क घेताना ती कोणत्या प्रदेशासाठी आहे हे तपासावे, कारण दुसऱ्या प्रदेशाची डिस्क त्यावर चालत नाही. कॉम्प्युटरचा जुना खोका संग्रहासाठी खुशाल घ्यावा, पण क्रमांक वापरलेला असेल तर तो गेमची किंमत देऊन घेऊ नये. भारतात आयात केलेल्या बंद खोक्यावर कमाल किरकोळ किंमत आणि आयातदाराचे नाव छापणे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आवश्यक आहे. तो मजकूर नसेल तर माल अधिकृत मार्गाने आला का, याची शंका घ्यावी, आणि पक्के बिल मागावेच.

डाउनलोड केलेल्या गेमवर खरेदीदाराचा हक्क किती, हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ‘ओरॅकल’च्या खटल्यात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना पुन्हा विकता येतो, असे म्हटले. त्या आधारे फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये संघटनेची बाजू घेतली, पण २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना बांधून घेतले आहे: जिथे गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळतो, तिथे ‘विकत घ्या’ असे लिहायचे तर ती गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्टीमने ही सूचना २०२४ मध्येच दाखवायला सुरुवात केली. एवढ्याने मालकी परत मिळत नाही, पण पैसे मोजणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे निदान कळते. दुकानात हे वेगळे सांगावे लागत नव्हते. तिथे घेतलेली डिस्क मित्राला देता येई, धाकट्या भावंडाकडे जाई, विकता येई आणि कंपनी बंद पडली तरी चाले. भारतातही विक्रेत्यांवर असे बंधन यायला हवे, आणि जी दुकाने अजून डिस्क विकतात, परत घेतात, पुन्हा विकतात, ती टिकवण्यात ग्राहकाचे थेट हित आहे.