स्टेमसेलने टकलावर केस? रोप अजून प्रयोगशाळेतच

लग्न जमवायची घाई आणि मागे सरकणारे कपाळ. बारामती-इंदापूरकडच्या अनेक तरुणांना हा दुहेरी घोर आहे आणि ‘स्टेमसेलने केस परत’ ही जाहिरात नेमकी त्यावर बोट ठेवते. अशी पद्धत खरेच आली आहे का? नाही. विज्ञान पुढे गेले आहे. जाहिरात मात्र त्याच्याही पुढे पळते आहे.

आनुवंशिक टकलात डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळे हळूहळू आक्रसतात. बोअरच्या पाण्याला दोष देण्याची पद्धत आहे. खारट पाण्याने केस राठ होतात हे खरे. पण पुढचे केस जाऊन मागचे शाबूत राहतात, ते पाण्यामुळे नव्हे.

नांग्या भरणे की टिश्यू कल्चर?

केसरोपण म्हणजे डोक्याच्या मागची रोपे उपटून पुढच्या नांग्या भरणे. रोपांची संख्या तेवढीच राहते. पेशी-उपचाराचे स्वप्न वेगळे आहे. इंदापूरचे केळी बागायतदार टिश्यू कल्चरची रोपे लावतात, तसे थोड्या पेशींपासून हजारो केस तयार करायचे.

घोडे अडले आहे ते इथे. केसाच्या मुळाशी ‘डर्मल पॅपिला’ हा पेशींचा पुंजका असतो. केस उगवण्याचा हुकूम तोच देतो. या पेशी प्रयोगशाळेतील बशीत वाढतात, पण वाढता वाढता केस उगवण्याचे कसबच विसरतात. २०१३ मध्ये कोलंबिया आणि डरहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी त्या बशीत पसरू न देता थेंबात गोळा करून वाढवल्या. सातपैकी पाच दात्यांच्या पेशींनी उंदरावर लावलेल्या मानवी त्वचेत नवे केस उगवले. २०२० मध्ये जपानमध्ये शिसेडो कंपनी आणि दोन वैद्यकीय विद्यापीठांनी ६५ जणांच्या डोक्यात त्यांच्याच केसमुळांच्या पेशी टोचल्याचे निष्कर्ष आले. केस थोडे दाट झाले, टक्कल भरले नाही. ब्रिटनच्या इंटरसायटेक्स कंपनीने त्याआधीच माणसांवर चाचण्या केल्या होत्या. त्यांचा उपचार बाजारात आलाच नाही.

मग सुईत असते काय?

बहुतेकदा पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट्सचा अर्क. काहींना त्याचा थोडा फायदा होतो, पण तो स्टेमसेल नव्हे. त्याच नावाने तो विकायला हरकत काय आहे? २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या कारणांपलीकडे स्टेमसेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. टक्कल त्या मोजक्या कारणांत नाही.

पैसे जातातच, पण त्याहून मोठे नुकसान वेळेचे. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही औषधे मूळ जिवंत असेपर्यंतच कामाची; तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. खोट्या उपचारात दोन वर्षे गेली, तर तेही रान हातचे जाते. शिवाय टायफॉइड, डेंगी, थायरॉइड किंवा लोहाची कमतरता यांमुळे गळणारे केस वेगळे; मूळ कारण दूर झाले की ते बहुधा परत येतात. हा फरक त्वचारोगतज्ज्ञच ओळखू शकतो. सल्ल्यासाठी पुणे गाठायलाच हवे असे नाही, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बारामतीतच आहे.

एवढे होऊनही कोणी ‘स्टेमसेल’ म्हणालाच, तर त्याच्याकडे चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागावा. खऱ्या चाचणीत सहभागी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत.