आधी टेप, मग वेळापत्रक

गेल्या मॉडेल रेल्वे मेळाव्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच मागणी आहे: संगणकाने काढलेले वेळापत्रक पहिल्याच सत्रात कोलमडले, तेव्हा पुन्हा कागद-पेन्सिलीवर या. आम्हाला हे मान्य नाही. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, त्याला पुरवलेल्या आकड्यांची होती.

मधल्या स्टेशनावर मालगाडी आणि पॅसेंजरचे क्रॉसिंग लावले होते. नोंदणीत लूप 240 सेंटीमीटरची. प्रत्यक्षात फाउलिंग मार्कपासून फाउलिंग मार्कपर्यंत ती भरली 165. मालगाडी 210 ची. तिची शेपटी मेन लाइनवर राहिली, पॅसेंजर होम सिग्नलला अडकली आणि वाट मोकळी करायला वीस मिनिटे गेली. 1:4 च्या घड्याळावर ती ऐंशी होतात. मागच्या सगळ्या गाड्यांचे पाथ गेले.

मॉड्यूलवाल्या सभासदाने खोटे लिहिले नव्हते. आयोजन समितीच्या फॉर्मवर रुंदी, उंची, पायांची संख्या, अगदी रंगालाही रकाना आहे. लांबीला मात्र एकच. त्यात जो तो लाकडी चौकटीची लांबी भरतो. तिथे केवढी गाडी उभी राहील, हे कोणी विचारतच नाही. आम्ही दोनदा कळवले, फॉर्म बदलला नाही. ज्या आकड्यावर सगळे क्रॉसिंग अवलंबून, तोच वगळायचा आणि वेळापत्रक बिघडले की संगणकाला बोल लावायचा, हे थांबले पाहिजे.

जेएमआरआय सॉफ्टवेअरच्या ऑपरेशन्समध्ये रुळाची खरी लांबी भरा. जागा संपली की ते तिथे पुढची वाघीण पाठवत नाही. पण टेप लावायचे काम त्याला जमणार नाही. आपल्या ब्रॉडगेजची 686 मीटरची लूप एचओमध्ये पावणेआठ मीटरच्या पुढे जाते. एवढी जागा आपल्यापैकी कोणाकडे आहे? म्हणूनच आपल्याला सेंटीमीटर सेंटीमीटर मोजावा लागतो.

सभासदांनाही सांगणे आहे. इंजिनांचे पत्ते आदल्या रात्री कळवू नका. नवा डिकोडर कारखान्यातून 3 नंबरवर येतो; तो तसाच आणलात तर एका थ्रॉटलवर दोघांची इंजिने धावतील. चार आकडी पत्ता घरीच द्या आणि यादीशी ताडून पाहा.

आणि या रविवारी मॉड्यूल खाली काढा. प्रत्येक लूप, प्रत्येक सायडिंग फाउलिंग मार्कपासून मोजा. फॉर्मवर रकाना नसेल तर समासात लिहा, पण लिहा.