आजींचे रात्रीचे आठ

चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे सेलू तालुक्यातील वालूर हे गाव अलीकडे दूरवर ज्ञात झाले आहे. नोव्हेंबरात ती बारव पाहून एका परिचितांच्या घरी मुक्कामास थांबलो. घरातील आजी रात्री आठच्या ठोक्याला धुवट साडी नेसून मोबाइलसमोर बसल्या. नातू सात महिन्यांचा, कॅलिफोर्नियात. मुलगा रोज सकाळी साडेसातला, म्हणजे इकडे रात्री आठला, त्याचे दर्शन घडवतो.

त्या दिवशी आठाचे नऊ झाले. त्या भागात घड्याळे नोव्हेंबरात तासभर मागे घेतात, हे आजींना कोणी सांगितलेच नव्हते. मुलाने वेळ चुकवली असेही म्हणता येईना. त्याचे साडेसात हे साडेसातच होते.

अखेर फोन वाजला. पडद्यावर प्रथम छत, नंतर खिडकीचा लखलखाट आणि त्यापुढे बाळाची काळी सावली. "दिसलं का, आई?" "दिसलं रे बाळा, दिसलं." काहीच दिसले नव्हते. चार मिनिटांत मुलगा कामाला निघाला.

स्काइप आले 2003 साली. व्हॉट्सॲपवर चित्रासह बोलणे 2016 पासून सुरू झाले आणि त्याच सुमारास स्वस्त इंटरनेट खेड्यापर्यंत पोहोचले. 2025 मध्ये स्काइप बंदही पडले. साधने आली आणि गेली. ती म्हाताऱ्या माणसांना नीट लावून द्यावीत, ही जबाबदारी मात्र कोणी आपली मानली नाही. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, यंत्रात त्याला फारशी गती नाही. पण यात यंत्रविद्या कितीशी आहे? खिडकी बाळाच्या पाठीशी नव्हे, समोर असावी. फोन हातात न धरता स्टँडवर, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. इकडे आजींचा चष्मा आणि फोनचा आवाज आधीच पाहून घ्यावा. मुख्य म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन "ही बघ आजी" असे सांगणारे कोणीतरी हवे. नुसत्या पडद्यावरून तान्ह्याला नाते कसे उमगावे?

काही सुशिक्षित घरांत 'पडदा अपायकारक' म्हणून आजी-आजोबांनाच दार बंद होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच असे सांगितले आहे. पण नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या अशा भेटीला त्यातून सूट दिली आहे. भेट संपताच तोच फोन गाणी लावून बाळापुढे ठेवणे मात्र त्या सुटीत बसत नाही.

"रोज दिसतोच की, मग दिवाळीला कशाला यायचे?" हा युक्तिवादही आता कानी येतो. तो मला मुळीच मान्य नाही. पडद्यातून बाळाला तेल लावता येत नाही. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय आहे; ज्यांना येता येते त्यांच्यासाठी ती सबब होऊ नये. आणि आपल्या वस्तीत अशा किती आजी एकट्या फोनशी झटत असतील? कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आठवड्यातून अर्धा तास त्यांच्याकडे बसायला काय हरकत आहे?

निघताना मी भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत 'रात्री नऊ, मार्चपर्यंत' असे लिहिले. आजींनी ते वाचले. "मार्चात कोणत्या तारखेला फिरतंय, भाऊ?" म्हटले, दुसऱ्या रविवारी. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले आणि दिनदर्शिका खाली काढायला सुनेला हाक मारली.