शिखरजीवर नको, मग गौताळ्यात कसं चालेल?



पाऊस सुरू झाला की आपल्या मुकुंदवाडीतल्या महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा असते, या रविवारी म्हैसमाळ की गौताळा? सकाळी गाडी करायची, धबधब्याखाली भिजायचं, फोटो काढायचे आणि रात्री घरी. या सहलींबद्दल आज थोडं स्पष्ट लिहिते आहे. जंगलात जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. उलट जा, आणि एक रात्र मुक्काम करून या. फक्त चातुर्मासात जाऊ नका, आणि पिकनिकला जातो तसं जाऊ नका.

जानेवारी २०२३ आठवतो ना? सम्मेद शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून देशभरातला आपला समाज रस्त्यावर उतरला होता. घराबाहेर सहसा न पडणाऱ्या सासवाही मोर्चात चालल्या. ५ जानेवारीला केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाच्या तरतुदी थांबवल्या आणि पारसनाथ डोंगरावर दारू, मोठ्या आवाजातली गाणी, विनापरवाना तंबू आणि ट्रेकिंग यांना बंदी असल्याचं राज्य सरकारला बजावलं. आपल्याला केवढा आनंद झाला होता! तो डोंगर आपल्यासाठी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी आहे आणि सरकारी कागदावर तो एक अभयारण्यही आहे. गौताळाही अभयारण्यच आहे. आपल्या डोंगरावर जे चालत नाही, ते दुसऱ्या डोंगरावर आपण कसं चालवून घ्यायचं?

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. कन्नड तालुक्यापासून पलीकडे जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावपर्यंत, सुमारे २६० चौरस किलोमीटर. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा, वानरं असे कितीतरी जीव तिथे राहतात. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत या जंगलात पोहोचला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला. वाटेत शेतं, गावं, रस्ते ओलांडून त्याने निवारा शोधला तो इथे. अशा ठिकाणी आपण गाडीचे दरवाजे उघडून गाणी लावायची?

आणि हे जंगल आपल्याला परकंही नाही. त्याच्या चाळीसगावकडच्या टोकाला पाटणादेवी आहे. तिथल्या कन्हेरगडाच्या डोंगरात ‘नागार्जुन कोठडी’ नावाने ओळखलं जाणारं लेणं जैन लेणं आहे, तीर्थंकरांच्या प्रतिमा असलेलं. वेरूळच्या इंद्रसभेला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो, पण या लेण्याचं नावही आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलेलं नसतं.

आता चातुर्मासाचं. साधू-साध्वी चार महिने एका जागी का थांबतात, हे आपण मुलांना सांगतो. पावसात जमीन जिवांनी भरून जाते, पाऊल टाकायला निर्दोष जागा उरत नाही. गौताळ्याच्या पायवाटेवर हे डोळ्यांना दिसतं. मखमली लाल मृगाचे किडे, गोगलगायी, वाणी, बेडकांची नखाएवढी पिल्लं, दगडावरचं शेवाळ, नुकते फुटलेले कोंब. नेमक्या याच महिन्यांत गर्दी सर्वांत जास्त. एकीकडे आठवडाभर पालेभाजीचा त्याग पाळायचा आणि रविवारी त्याच वाटेवरून शेकडो पावलांमागे आपलीही पावलं टाकायची, हे मला जुळत नाही.

काही ज्येष्ठ बायका म्हणतात, ‘मग जायचंच कशाला? विनाकारण भटकणं हा अनर्थदंडच.’ त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त प्रमादचर्या सांगितली आहे. निष्कारण माती उकरणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं, आणि विनाकारण हिंडणं व दुसऱ्याला हिंडवणं, हे सगळं त्यात येतं. पण त्यात खरा भार ‘निष्कारण’ या शब्दावर आहे. मॉलमध्ये तीन तास फिरून काही न घेता परत येणं निष्कारण आहे. ज्या जीवसृष्टीबद्दल आपण रोज प्रतिक्रमणात क्षमा मागतो, ती एकदा शांतपणे पाहून येणं मला निष्कारण वाटत नाही. ऋषभदेवांना केवलज्ञान वडाखाली झालं, महावीरांना ऋजुबालिका नदीकाठी शाल वृक्षाखाली. आपल्या मुलांनी ती झाडं फक्त चित्रात पाहायची का?

म्हणून माझी सूचना अशी. दिवाळी होऊ द्या, कार्तिकी पौर्णिमा होऊ द्या. मार्गशीर्ष-पौषात जमीन कोरडी असते, वाट स्पष्ट दिसते आणि गर्दी ओसरलेली असते. वनखात्याच्या विश्रामगृहाची चौकशी आधी करा. परवानगी आणि खोली पक्की झाल्याशिवाय निघू नका. चार-पाच जणींपेक्षा मोठा गट नको, आणि वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर हवाच. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.

जेवणाची अडचण सगळ्यात आधी सांगितली जाते, पण खरं तर जंगलाचं आणि आपलं वेळापत्रक एकच आहे. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी जंगलातून परत यायचं असतंच, म्हणजे चौविहार सहज सांभाळला जातो. मूगडाळ, तांदूळ, तूप घरून न्या. खिचडी स्वतःच्या पातेल्यात करा, म्हणजे कांदा-लसणाचा प्रश्न येत नाही. दुपारसाठी दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी. पाण्याचं गाळणं न विसरता घ्या. विहिरीचं पाणी गाळलंत तर गाळण्यावर राहिलेलं पाणी अलगद त्याच विहिरीत सोडा, आजी सोडायच्या तसं. प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतल्याच नाहीत तर टाकायचा प्रश्नच येत नाही. रात्री बाहेर दिवे आणि शेकोटी नको. दिव्यावर किती किडे येऊन मरतात हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. वानरांना बिस्किटं, केळी, शेव टाकणं ही जीवदया नाही. त्या वानराला माणसाच्या हाताची चटक लागते. ते रस्त्यावर येऊन बसतं, गाडीखाली येतं, पोरांच्या हातातलं ओढतं, आणि मग त्याच्यावर दगड पडतात. अभयारण्यात प्राण्यांना खाऊ घालायला मनाई असते, ती याचसाठी. जीवदयेचे पैसे पांजरापोळाला द्या, जंगलात हात मागे ठेवा.

‘आम्हाला कुठे ट्रेकिंग जमतंय’ असं म्हणणाऱ्या ताईंना एवढंच विचारते, शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना अनवाणी कोण करतं? मांगीतुंगीच्या पायऱ्या कोण चढतं? आपलेच पाय. फक्त त्या चालण्याला कोणी ट्रेकिंग म्हणत नाही. आणि यात्रेतही निम्म्या बायकांचा वेळ सगळ्यांच्या स्वयंपाकात आणि सामान मोजण्यात जातो. वर्षातून एक दिवस स्वतःच्या चालीने, गप्प राहून, चार हात पुढची जमीन पाहत चाललं, तर ती इर्यासमितीची तालीमच आहे. साध्वीजी ती आयुष्यभर करतात. आपल्याला निदान एका दिवसात कळेल की ते किती अवघड आहे.

तेव्हा या रविवारच्या गौताळ्याच्या बेताला ग्रुपवर ‘चातुर्मासानंतर’ एवढं एकच उत्तर लिहून टाका. आणि पौषातली तारीख आत्ताच ठरवून ठेवा, नाहीतर लग्नसराईत ती राहून जाते.